दुपारपर्यंतचा नेम

आमच्या गावच्या दवाखान्यात डायलिसिसची दोन मशीन होती आणि ती चालवणारी सिस्टर एकच. त्या सिस्टरनं बदलीचा अर्ज दिलाय, हे मला सोमवारी सकाळी झाडूवाल्या मावशींकडून कळलं.

"शनिवारी चालली," फरशी पुसता पुसता त्या म्हणाल्या. "ही तिसरी. आता या खोलीला कुलूपच लागणार बघा."

मी यांच्या पायांवर पांघरूण घालत होते. हात तिथेच राहिले.

हे डोळे मिटून पडले होते. डाव्या हाताला दोन सुया, दोन नळ्या, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. सोमवार, बुधवार, शुक्रवार, प्रत्येक वेळी चार तास. चौदा महिने हेच चाललं होतं. यांनी जन्मभर शिलाई मशीन दुरुस्त केली. कुणी भेटायला आलं की म्हणायचे, "आता मशीन मला दुरुस्त करतंय. पण कारागीर कच्चा आहे. मी दुरुस्त केलेलं मशीन दोन वर्षं परत येत नसे, मी दोन दिवसांत परत येतो." भेटायला आलेली माणसं हसायची आणि मग भिंतीकडे बघायची.

डॉक्टरांनी मला पहिल्याच महिन्यात बाजूला घेऊन सांगितलं होतं. हे थांबलं तर दहा दिवस, फार तर बारा. दुसरं सेंटर शहरात. दोन बस बदलून चार तास जायला, चार यायला. त्यात यांना बसमध्ये उलट्या होतात, आणि डायलिसिसनंतर उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

सिस्टर का चालली, ते विचारायची गरज नव्हती. आमच्या गावाचं नाव बाहेर काढलं की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, ते आम्ही सगळे लहानपणापासून बघत आलोय. टेकडीमागे दगडाची खाण होती. तिच्यावर कामाला समुद्रापलीकडून काळ्या वर्णाची माणसं आणली होती, दीड-दोनशे घरं. आम्ही त्यांना खाणवाले म्हणायचो. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी, एका थंडीत, एका आठवड्यात त्यांना गावानं हाकलून दिलं. घरं जाळली. कोण मेलं, किती मेले, त्याचा आकडा गावात कुणी सांगत नाही. गावात म्हणतात, "ते गेले." जसं काही हवा मानवली नाही म्हणून गेले. बाहेर मात्र सगळ्यांना माहीत आहे. माल द्यायला आलेला ड्रायव्हर अजून इथे जेवायला थांबत नाही.

आणि सिस्टर त्याच लोकांपैकी होती. सहा महिन्यांपूर्वी ती आली तेव्हा तिला कुणी खोली दिली नाही. नाहीही म्हणाले नाहीत. "रंग काढायचाय", "पाहुणे येणारेत", "पुढच्या महिन्यात बघू". दवाखान्यामागच्या जुन्या सामानाच्या खोलीत ती राहिली. सुई लावण्यात तिचा हात इतका हलका की यांना कळतही नसे. आधीचा माणूस तीन-तीनदा टोचायचा.

मी धीर करून म्हटलं, "सिस्टर, खरंच जाताय?"

"हो काकू." तिनं यांच्या वजनाची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. मी थांबले. तिनं थोडा वेळ चिठ्ठी तशीच हवेत धरली, मग स्टुलावर ठेवली. मी ती उचलली.

"बघा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "सहा महिने मी मोजत बसले नाही, पण दिसतंच की."

"अहो सिस्टर, तसं नाही! माझा नेम आहे," मी घाईनं म्हटलं. "दुपारच्या प्रार्थनेपर्यंत हात देवाचे. कुणाला हात लावायचा नाही, कुणाच्या हातातून घ्यायचं नाही, कुणाच्या हातात द्यायचं नाही. ठेवायचं, मग उचलायचं. एक्केचाळीस वर्षं पाळतेय. लग्न झालं की घेतात, मला सासूबाईंनी दुसऱ्या सकाळी दिला. गावात घरोघर आहे, पुरुषसुद्धा पाळतात. तुमच्यासाठी म्हणून नाही."

"काकांना तर तुम्ही सकाळी हात लावता."

"घरच्यांना चालतं."

"आणि तो फुलवाला? काल सकाळी खिडकीतून बघितलं. त्यानं फुलं तुमच्या ओंजळीत घातली."

"तो... तो आपलाच आहे. लहानपणापासूनचा."

"डॉक्टर?"

"त्यांना पण चालतं," मी म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं.

सिस्टरनं मशीनवरचा आकडा बघितला, यांचं ब्लडप्रेशर घेतलं, वहीत लिहिलं. मग म्हणाली, "मग नेम कुणासाठी आहे, काकू?"

मी चिठ्ठीची घडी घालत राहिले. हे डोळे न उघडताच म्हणाले, "अगं, उत्तर येत नसेल तर गप्प बस. चौदा महिने मी तेच करतोय."

मंगळवारी मी अध्यक्षांकडे गेले. नगरपालिकेचे अध्यक्ष, यांचे शाळासोबती, मोठ्या आवाजाचे, मोठ्या मनाचे. मी रडणार नव्हते, पण रडले.

"वहिनी, अहो, एवढंच ना? सत्कार करू!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "फलक लावू. नाहीतरी गावाच्या नावाला लागलेलं हे कधीतरी धुवायलाच हवं. एकही कारखाना येत नाही, एकही शिक्षक टिकत नाही. एका दगडात दोन पक्षी."

"मी पक्ष्यांचं विचारत नाहीये, भावजी. त्या राहायला हव्यात."

"राहील हो! माणूस मानाचा भुकेला असतो."

बुधवारी संध्याकाळी फलकाचा मजकूर ठरवायला बैठक बसली. मीही कोपऱ्यात बसले. मुख्याध्यापिकाबाई, औषधवाले, अध्यक्ष. फलकावर काय लिहायचं यावर दोन तास गेले.

"'अन्याय केला' असं लिहा," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

"केला म्हटलं की कुणी केला ते आलं," औषधवाले म्हणाले. त्यांच्या वडिलांचं दुकान तेव्हाही तिथेच होतं.

"मग 'झाला' लिहू," अध्यक्ष म्हणाले.

"'घडला' लिहा. घडला म्हणजे पाऊस पडल्यासारखं. कुणाच्या अंगावर येत नाही."

"पाऊस अंगावरच येतो हो," बाई म्हणाल्या. सगळे हसले, चहा आला, आणि 'घडला' ठरलं. मीही हसले, खोटं कशाला सांगू. मला वाटत होतं, काहीही लिहा, पण शनिवारच्या आत लिहा.

गुरुवारी सकाळी दहाला सभागृहात सत्कार. दीडशे माणूस आलं. एवढं माणूस बघून मला आशा वाटली. सिस्टर पहिल्या रांगेत बसली होती, इस्त्रीचे कपडे घालून, केस घट्ट बांधून. तिला वर बोलावलं. अध्यक्ष चांगलं बोलले. भूतकाळ, नवी पिढी, खुलं मन. टाळ्या पडल्या. मग मानपत्र द्यायची वेळ आली.

सिस्टरनं दोन्ही हात पुढे केले.

अध्यक्षांनी मानपत्र टेबलावर ठेवलं, हात जोडले, आणि बाजूला झाले. सकाळची वेळ होती. त्यांच्या मनातही काही नव्हतं, मी शपथेवर सांगते. सवयीनं ठेवलं. मग औषधवाल्यांनी पुष्पगुच्छ टेबलावर ठेवला. मुख्याध्यापिकाबाईंनी पुस्तकांचा संच टेबलावर ठेवला. महिला मंडळाच्या तिघी आल्या, तिघींनी ठेवलं. प्रत्येक वेळी सिस्टरचे हात थोडे वर येत होते आणि थोडे खाली जात होते. सभागृहात कुणालाही काही वेगळं दिसत नव्हतं. लोक टाळ्या वाजवत होते.

शेवटी माझं नाव पुकारलं. रुग्णांच्या वतीनं. माझ्या हातात फुलं होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. मला दिसत होतं. दीडशे माणसांत मला एकटीला दिसत होतं. सोमवारपासून मी दुसरं काही बघूच शकले नव्हते. आणि तरी एक्केचाळीस वर्षांनी माझा हात धरला. मनात आलं, आज नेम मोडला आणि उद्या यांना काही झालं तर? देव म्हणेल, तूच मोडलास.

मी फुलं टेबलावर ठेवली.

सिस्टरनं हात मागे घेतले आणि ती माइकजवळ गेली. "माझी आजी याच गावातून चालत गेली," ती म्हणाली. "ती सांगायची, या गावात आपल्याला हातात काही देत नाहीत. पाव असो, पत्र असो, फळीवर ठेवतात आणि बाजूला होतात. मी म्हणायचे, आजी, तुझं वय झालंय, काहीतरी सांगतेस. आज तिची माफी मागावीशी वाटली. धन्यवाद." आणि ती खाली उतरून मागच्या दारानं निघून गेली. टेबलावरचं टेबलावरच राहिलं.

"नाकावर राग फार," अध्यक्ष हळूच म्हणाले. "करायला गेलो काय आणि झालं काय."

मी तिथून घरी गेले नाही. यांच्या आत्याकडे गेले. आत्यांना शहाऐंशी वर्षं झालीत, दिसतं कमी, आठवतं सगळं. खिडकीशी बसून त्या शेंगा सोलत होत्या.

"आत्या, हातांचा नेम कुणी सुरू केला?"

"का गं?"

"सांगा ना."

त्यांनी चार शेंगा सोलल्या. "नेम कसला! दुकानदारांनी ठरवलं होतं. खाणवाल्यांच्या हाताला हात लागू द्यायचा नाही."

"मग दुपारपर्यंतच का?"

"खाणीची पाळी दुपारी सुरू व्हायची. सकाळी ते बाजारात यायचे. दुपारनंतर कुणी यायचंच नाही, मग कशाला पाळायचं?" त्यांना हे इतकं साधं वाटत होतं, की मी विचारतेय याचंच नवल वाटलं. "पण आम्हा बायकांना बरं वाटेना. समोर लेकरू घेतलेली बाई उभी, तिचा पाव फळीवर ठेवायचा म्हणजे तोंड कुठे लपवायचं? मग तुझ्या सासूनंच काढलं, देवाचं नाव घालू या. सकाळचे हात देवाचे. देवाचं म्हटलं की मनाला टोचत नाही. मग ते गेले, पण देव राहिला. देवाला कोण जा म्हणणार?"

"आणि तुम्ही कुणी आम्हाला सांगितलं नाहीत?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची." आत्यांनी शेंगांचं सूप खाली ठेवलं. "तू काय विचारतेस आता? वर्षं किती झाली?"

"एक्केचाळीस."

"मग आता काय उपयोग," त्या म्हणाल्या. त्या माझ्यावर दया करत होत्या, एवढं मला कळलं.

त्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेला मी बसले आणि हातांकडे बघत राहिले. रोज सकाळी पाच-सहा तास मी हे हात जपले होते. कुणाचं तापलेलं कपाळ चाचपायचं राहिलं, कुणा पडलेल्या म्हातारीला उठवायचं राहिलं, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं होतं की तेवढं पुण्य यांच्या नावावर जमा झालं. मी देवाला म्हटलं, तुला माहीत होतं. तुला तर माहीत होतं.

शुक्रवार. शेवटची पाळी. सिस्टरनं नेहमीसारखंच सगळं केलं. चार तासांनी सुया काढल्या. त्या जागेवर दहा मिनिटं कापसाची घडी दाबून धरावी लागते. मी हात पुढे केला, उघडा, तळवा वर.

"द्या सिस्टर."

घड्याळात साडेदहा झाले होते. तिनं माझ्या हाताकडे बघितलं आणि कापसाची घडी ट्रेमध्ये ठेवली.

"माझाही नेम झालाय आता," ती म्हणाली.

मी घडी उचलली आणि यांच्या हातावर दाबून धरली. मग आत्यांनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. सासूबाईंचं नाव घेऊनसुद्धा. मध्ये थांबले नाही, नाहीतर पुढे बोलता आलं नसतं. शेवटी म्हटलं, "मी तुमच्या पाया पडते. यांच्यासाठी राहा. मी तुम्हाला माझ्या घरात खोली देते. मी सगळ्या गावाला सांगते."

"सहा महिन्यांत मला इथे कुणी हात लावला नाही, काकू," ती नळ्या गुंडाळत म्हणाली. "पेशंटशिवाय. आणि पेशंटला मी लावते. मी दिवसभर तुमच्या माणसांचं रक्त हाताळते आणि संध्याकाळी त्या खोलीत जाऊन स्वतःचाच हात धरून बसते. तुमची खोली मिळाली तर खोली मिळेल, एवढंच." ती यांच्याकडे वळली. "काका, मी शहरातल्या सेंटरला चाललेय. तिथे या. सोमवारी सातला नाव लावून ठेवते. पेशंट माझा आहे. गाव माझं नाही."

"आठवड्यातून तीनदा आठ तास बस," हे म्हणाले. "पोरी, मशीनच्या आधी बसच मारेल मला."

तिनं गुंडाळलेल्या नळ्या बादलीत टाकल्या. तिलाही ते दिसत होतं.

शनिवारी ती पहिल्या बसनं गेली. मी त्याच सकाळी प्रार्थनाघरात उभी राहिले. मला चारचौघांत बोलायची सवय नाही, आवाज मागच्या रांगेपर्यंत जात नाही. तरी बोलले. आत्यांचं सगळं सांगितलं. फळी, खाण, दुपारची पाळी. ऐकणाऱ्या चाळीसेक बायका. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

"नवऱ्याच्या दुखण्यानं डोकं फिरलंय बिचारीचं," एक म्हणाली.

"आत्याबाईंना काय आठवतंय! काल मला माझ्या आईच्या नावानं हाक मारत होत्या."

"इतकी वर्षं केलं ते वाया घालवू नकोस गं, बाई," माझ्या थोरल्या जाऊबाई कळवळून म्हणाल्या. "आता तर भावजींना जास्त गरज आहे."

"हात द्या," मी म्हटलं. "तुम्ही तरी." मी हात पुढे केला. त्या रडत होत्या, पण हात पाठीमागे बांधलेले होते. प्रार्थनेचं पुस्तक त्यांनी माझ्यापुढे जमिनीवर ठेवलं.

त्यांच्या मनातही काही नव्हतं.

घरी आले तेव्हा हे खुर्चीत बसले होते. पाय सुजायला लागले होते. मी कपाटातून बॅग काढली.

"कुठे?"

"शहरात. सेंटरजवळ खोली घेऊ. बस एकदाच."

"आणि घर? माझं दुकान? हत्यारं?"

"कुलूप लावू."

हे भिंतीवरच्या हत्यारांकडे बघत राहिले. "सूनबाई म्हणून या घरात आलीस तेव्हा एक पेटी घेऊन आली होतीस," ते म्हणाले. "आता मला घेऊन चाललीस. ओझं वाढलं."

"तेव्हा पेटी उचलायला तुम्ही होतात."

"आताही आहे की. फक्त उचलत नाही."

रविवारी आम्ही निघालो. रस्त्यात यांना दोनदा उलटी झाली. दुसऱ्यांदा नुसतं पाणी. बसमधली माणसं सरकून बसली. शहरात उतरल्यावर सेंटरपासून पायी जाता येईल अशी एकच वस्ती होती, दाटीची, उतारावरची. खोल्या भाड्यानं मिळतात असं सेंटरच्या पहारेकऱ्यानं सांगितलं. वस्तीत शिरलो तेव्हा मला कळलं, ती त्यांचीच होती. दारांत बसलेली माणसं, जिन्यावरच्या बायका, गॅलरीत कपडे वाळत घालणारे, सगळे सिस्टरच्या रंगाचे. ज्यांना आमच्या गावानं हाकललं, ते इथेच येऊन राहिले होते. सिस्टरनं हे सांगितलं नव्हतं. कदाचित तिला वाटलं असेल, मला ठाऊक असेल.

चार दारं बंद निघाली. पाचव्या दारात एक धिप्पाड बाई आली, हाताला साबण.

"खोली आहे," ती म्हणाली. "मागची, एक खिडकी. किती माणसं?"

"दोघंच. यांचं डायलिसिस आहे. उद्या सातला."

तिनं यांच्याकडे बघितलं. हे पायरीवर बसले होते, तोंड उघडं ठेवून श्वास घेत होते. तिचा चेहरा मऊ झाला. "आत आणा त्यांना. पाणी चालतं का? मोजून असतं ना? कुठून आलात?"

दुसरं गाव सांगता आलं असतं. जिभेवर आलं होतं. शेजारच्या गावाचं नाव, सोपं, कुणाचं काही न बिघडवणारं. हे माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत होतं, सांग तेच नाव. उद्या सातपर्यंत मला छप्पर दे, देवाचं मग बघू. मला वाटलं, खोटं बोलले तर हे जगतील. मग वाटलं, याच विचारानं सासूबाईंनी देवाचं नाव घातलं असेल. कुणाला टोचू नये म्हणून.

मी आमच्या गावाचं नाव सांगितलं.

बाईनं साबणाचे हात कपड्याला पुसले. फार सावकाश पुसले. रागावली नाही, दारही लावलं नाही. मागे वळून तिनं हाक मारली, "आई, जरा बाहेर ये. तुझ्या त्या गावची माणसं आलीत."

आतून काठी टेकल्याचा आवाज आला, मग पाय ओढल्याचा, मग पुन्हा काठी.

"आता?" यांनी विचारलं.

"उठा," मी म्हटलं. "बसून नको." मी यांच्या काखेत हात घालून यांना उठवलं. दोघंही पायरीवर उभे राहिलो. काठीचा आवाज मागच्या खोलीतून निघून मधल्या खोलीपर्यंत आला होता.